'नेसोस' : बेट, द्वीप की खंड?

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'तिमायस' या संवादातील, समुद्रात बुडालेल्या अटलांटिसविषयीच्या उताऱ्याचा मराठी अनुवाद करताना 'नेसोस' या ग्रीक शब्दापाशी अडलो आहे. मराठी लेखनात अटलांटिसला कुणी 'बेट' म्हणते, कुणी 'द्वीप', तर बरेच जण सरळ 'बुडालेले खंड' म्हणतात. हे तिन्ही शब्द येथे समानार्थी मानता येतील का? शिवाय अटलांटिस 'बुडाले' म्हणावे की 'बुडाली'?

उत्तर : समानार्थी मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अटलांटिस कुठे होते याविषयी जे तर्क आजवर मांडले गेले, त्यांतील बरेचसे अशा एकेका शब्दाच्या अर्थावर उभे आहेत. त्यामुळे अनुवादकाने शब्द निवडला की त्याने नकळत एका तर्काची बाजू घेतलेली असते.

आधी 'खंड' बाजूला काढू, कारण त्याविरुद्धचा पुरावा त्याच उताऱ्यात आहे. हेराक्लीसच्या स्तंभांपलीकडे, म्हणजे आजच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या मुखासमोर हे 'नेसोस' होते, तेथून इतर 'नेसोस'वर आणि तेथून पुढे समोरच्या 'एपेइरोस'वर जाता येत असे, असे प्लेटो सांगतो. 'एपेइरोस' म्हणजे मुख्य भूमी, खंड. एकाच वाक्यात लेखक दोन वेगळे शब्द योजत असेल, तर मराठीत त्या दोहोंचे एकच करणे हा मूळ मजकुरावर अन्याय आहे. 'बुडालेले खंड' ही कल्पना लोकप्रिय झाली ती मुख्यतः 1882 मध्ये इग्नेशियस डॉनेली या अमेरिकी लेखकाने अटलांटिक महासागरात हरवलेल्या भूमीचा पुरस्कार केल्यानंतर. भूपट्टांच्या हालचालींविषयी आज जे ज्ञान आहे, त्यानुसार त्या महासागराच्या तळाशी बुडालेल्या खंडाला जागाच नाही. महासागराच्या मधोमध पाण्याखाली असलेल्या पर्वतरांगेपाशी तर उलट नवा खडक तयार होत असतो.

'द्वीप' हा शब्द मात्र विचार करायला लावणारा आहे. 'द्वि' आणि 'अप्' यांपासून तो सिद्ध होतो. पाणिनीच्या नियमाप्रमाणे 'द्वि', 'अन्तर्' आणि उपसर्ग यांच्यापुढील 'अप्'मधल्या 'अ'चा 'ई' होतो, आणि 'द्वीप', 'अंतरीप', 'समीप' हे शब्द तयार होतात. (रोजच्या 'समीप'मध्येही पाणी आहे, हे लक्षात आले की मला दर वेळी आनंद होतो.) म्हणजे 'द्वीप' म्हणजे मुळात दोन बाजूंना पाणी असलेली भूमी, चहूबाजूंनी पाणी हवेच, असे बंधन त्या व्युत्पत्तीत नाही. म्हणूनच पुराणांतील 'जंबुद्वीप' एवढे विस्तीर्ण असू शकते आणि चिमुकले 'दीव'ही त्याच शब्दातून येते.

ग्रीक 'नेसोस'चेही असेच आहे. दक्षिण ग्रीसमधील 'पेलोपोनेसोस' म्हणजे 'पेलोप्सचे (ग्रीक पुराणकथेतील राजाचे) नेसोस'. पण ती भूमी कोरिंथपाशी सुमारे सहा किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेली आहे, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले द्वीपकल्प. अटलांटिसचा शोध स्वीडनमध्ये घेणाऱ्या सतराव्या शतकातील ओलाउस रुडबेकपासून दक्षिण स्पेनमधील तार्तेसोसकडे बोट दाखवणाऱ्या आडोल्फ शुल्टेनपर्यंत ज्यांनी मुख्य भूमीवरच्या जागा सुचवल्या, त्यांना शब्दाची ही लवचीकता सोयीची आहे.

तरीही माझी पसंती 'बेट' या शब्दालाच आहे. 'द्वीप' म्हटले की मराठी वाचकाला 'सप्तद्वीपा वसुमती' आठवते आणि प्लेटोच्या मजकुरात नसलेले पौराणिक वलय त्याला चिकटते. 'बेट' साधे आहे, खाडीतल्या भूमीलाही चालते आणि समुद्रातल्याही. (गोव्यात यासाठी 'जुंवो' आहे, सांत इस्तेव्हचे जुने नाव 'जुंवें' त्यातलेच.)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : 'अटलांटिस' हे मुळात 'ॲटलासचे' अशा अर्थाचे विशेषण असून ते स्त्रीलिंगी 'नेसोस' शब्दाला जोडून येते. ते नाव बेटाचे आहे, शहराचे नव्हे. मराठीत 'बेट' नपुंसकलिंगी, म्हणून 'अटलांटिस बुडाले' हेच योग्य. 'अटलांटिस नगरी बुडाली' असे लिहिल्यास आपण बेटाचे शहर करून टाकतो.

पुरवणी शंका : ते बेट 'लिबिया आणि आशिया यांहून मोठे' होते, असे पुढे येते. हे शब्दशः ठेवावे का? क्रीट किंवा सांतोरिनी ही ग्रीक बेटे म्हणजेच अटलांटिस असे मानणारे याचा मेळ कसा घालतात?

उत्तर : 'लिबिया' असे लिहू नये, कारण वाचकाच्या डोळ्यांपुढे आजचा देश उभा राहतो, ग्रीकांचा 'लिब्या' म्हणजे त्यांना ठाऊक असलेली आफ्रिका. मोठेपणाचा मेळ घालण्यासाठी 'मेइझोन' म्हणजे 'मोठे' याऐवजी मुळात 'मेसोन' म्हणजे 'मध्ये' असावे, अशी दुरुस्ती सुचवली गेली. मग बेट दोन खंडांच्या मधोमध येते आणि क्रीट नेमके तेथे बसते. कल्पना हुशारीची आहे. पण 'क्रितियास' या पुढच्या संवादात हेच विधान पुन्हा येते, तेव्हा चूक दोन्हीकडे झाली असे मानावे लागते. ग्रीक भूकंपशास्त्रज्ञ आंगेलोस गालानोपूलोस यांनी आकडेच दहापट फुगल्याचे सुचवले : कथेतील 9000 वर्षांऐवजी 900, आणि 3000 गुणिले 2000 स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप) मैदानाऐवजी 300 गुणिले 200. सांतोरिनीवर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेले अक्रोतिरी 1967 पासून स्पिरिडॉन मारिनातोस यांनी उत्खननातून बाहेर काढले, तेव्हा सांतोरिनी म्हणजेच अटलांटिस या मताला मोठे बळ मिळाले. मात्र सांतोरिनी स्तंभांच्या पलीकडे नाही, ही अडचण त्यातूनही उरतेच.

अनुवादात असा कोणताही तर्क शिरू न देता मी असे लिहीन : "ज्या मुखाला तुम्ही हेराक्लीसचे स्तंभ म्हणता, त्याच्यासमोर एक बेट होते, ते लिब्या आणि आशिया या दोहोंहून मोठे होते, आणि तेथून इतर बेटांवर व त्या बेटांवरून समोरच्या सबंध खंडावर जाता येत असे." दुरुस्त्यांची चर्चा तळटीपेत करावी.