छडीनं लक्ष लागतं म्हणणाऱ्यांना

टिळकवाडीची आई:
काल इथं, आपल्या बेळगावच्या गटावर, एकांनी लिहिलं, "एडीएचडी वगैरे श्रीमंतांची थेरं. आमच्या वेळी दोन छड्या बसल्या की लक्ष लागायचं." राग गिळता येईना, म्हणून सविस्तर लिहिते. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवता न येणं, चुळबुळ, उतावीळपणा. माझा मुलगा नववीत, मराठी माध्यमात. गणित तोंडी विचारा, उत्तर तयार. वहीत मात्र उदाहरण अर्धं सोडून पुढच्याला लागलेला. शिक्षा काय, तर मागचा बाक आणि खेळाचा तास बंद. नेमकं उलटं! या मुलांना पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, गृहपाठ डायरीत उतरला का एवढं बघणारं कुणीतरी हवं. यात शाळेचा पैसा जात नाही. आणि खेळ तर काढून घेऊच नका.

खानापूरचे निवृत्त सर:
ते मीच लिहिलंय. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात एकाला पुढं बसवा, दहा पालक दारात येतात. आधी घरातला मोबाईल बंद करा.

शहापूरकर:
सर, बाराव्या वर्षाच्या आतली लक्षणं आणि घरी-शाळेत दोन्हीकडे त्रास, हे बघितल्याशिवाय डॉक्टर एडीएचडीचं निदान करत नाहीत. माझी बहीण गप्प खिडकीबाहेर बघत बसायची. कुणाला त्रास नाही, म्हणून कुणी विचारलंच नाही. दहावीत राहिली, शाळा सुटली. तेव्हा आमच्या घरात मोबाईल नव्हता.

निपाणीकर:
खरं दुखणं कुणी बोलत नाही. कर्नाटकच्या 2015 च्या कायद्यानं शाळेत कन्नड सक्तीचं. मराठी, कन्नड, इंग्रजी, तीन लिप्या! लक्ष न टिकणाऱ्या पोरानं काय करायचं? पुतण्याला शेवटी महाराष्ट्रात, कागलला मामाकडं ठेवला.

कन्नडच्या बाई, अनगोळ:
मी मराठी घरातली, कन्नड शिकवते. प्रत्येक चर्चा सीमाप्रश्नावर नेऊ नका. बेळगावात राहून पोराला कन्नड नको? माझ्या वर्गातला सगळ्यात चुळबुळ्या मुलगा कन्नड फाडफाड बोलतो, गल्लीत शिकलाय.

निपाणीकर:
बोलायला कोण नाही म्हणतंय? पेपर लिहायचा असतो, बाई. आणि 1956 पासून आम्ही सोसतोय, तर बोलायचंही नाही?

कन्नडच्या बाई, अनगोळ:
बोला की! पण पोराच्या वहीवरून नको. लिहायला अडतो, हे मान्य.

टिळकवाडीची आई:
दोघंही थांबा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 17 वं कलम वाचा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं आहे. अडचण अशी की कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, लेखन-वाचनाच्या अक्षमतेचं आहे. पुष्कळ मुलांना दोन्ही असतं, म्हणून तीही तपासणी करून घ्या, आणि दहावीच्या फेब्रुवारीत नव्हे, आत्ता. माझा मुलगा कन्नड सोडणार नाही. त्याला फक्त वेळ हवाय.

खानापूरचे निवृत्त सर:
मग गोळ्या देणार? पोरगं गुंगीत राहील.

शहापूरकर:
एडीएचडीवर देतात ती मिथाइलफेनिडेट गुंगीची गोळी नाही. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टर वजन, रक्तदाब बघत राहतात.

खानापूरचे निवृत्त सर:
बरं, पुढचा बाक आणि डायरी मान्य. छडीचं म्हणणं मी सोडत नाही.

टिळकवाडीची आई:
2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 14 वर्षांपर्यंतच्या मुलाला मारायला बंदी आहे, सर. तुम्ही सोडा न सोडा.

निपाणीकर:
धाकटा पुतण्या इथंच आहे. या सवलतींसाठी दिव्यांग प्रमाणपत्राचं कुठं बघायचं?

टिळकवाडीची आई:
यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सरकारी दवाखान्यात. शाळेचा शेरा आणि जुन्या वह्या घेऊन जा.