‘डेथ्स एंड’ : सोसायटीचा वाचक ग्रुप, विश्रामबाग, सांगली (नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

सी-४०२ : ‘डेथ्स एंड’ या विज्ञान-कादंबरीने घोर निराशा केली. मालिकेचा दुसरा भाग ‘डार्क फॉरेस्ट’ इतका घट्ट, आणि लेखक लिउ त्सिशिनने या तिसऱ्या भागात सगळं सैल सोडलं.

बी-१०१ : काका, शेवट लिहू नका प्लीज. माझा नंबर अजून लागायचाय.

सी-४०२ : ताई, पुस्तक २०१० चं, इंग्रजी भाषांतर २०१६ चं. किती थांबायचं? दुसऱ्या भागात नायक लुओ जी अवकाशात बॉम्ब अशा जागी पेरतो की स्फोटांच्या धुळीआड सूर्य लुकलुकेल आणि परग्रहावरच्या शत्रूच्या घराचा पत्ता विश्वभर जाईल; पत्ता कळला की कोणीतरी संपवणारच, हा धाक. ट्रिगर त्याच्या जिवाशी बांधलेला. एकेक गोष्ट आधीच्या नियमांतून आलेली. तिसऱ्यात त्याच धाकाचं बटण नायिका चेंग शिनच्या हाती जातं, ती ते दाबत नाही, काही मिनिटांत खेळ खलास. पुढे थॉमस वेड नावाच्या पात्राला प्रकाशवेगाचं यान करू देत नाही, तीही हीच.

ए-३०३ : चेंग शिनला लोकांनी निवडलं होतं.

सेक्रेटरी : कृष्णेचं पाणी वाढतंय. आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. बेसमेंटमधल्या गाड्या आजच वर घ्या.

डी-२०४ : साहेब, हे मेन ग्रुपवर टाका ना.

सेक्रेटरी : मेन ग्रुप अर्ध्या लोकांनी म्यूट केलाय. आपणही.

डी-२०४ : बरं. काका, विज्ञानात तिसराच भाग सरस. चेंग शिनवर प्रेम करणाऱ्या युन तियानमिंगने सांगितलेल्या गोष्टीतली साबणाची होडी घरी करून बघा. परातीत स्वच्छ पाणी, पोस्टकार्डाची ५ सें.मी.ची होडी, मागे खाच, खाचेत साबणाचा कण. मागचा पृष्ठताण घटतो, पुढचा तसाच असतो, होडी पुढे ओढली जाते. परात तेलकट असेल तर हलणार नाही. त्याच पाण्यात दुसऱ्यांदाही नाही, साबण पसरलेला असतो. कादंबरीतलं यानही अवकाशातली मागची जागा अशीच बदलून टाकतं, तिथे प्रकाशाचा वेग घटतो. सूर्यमालेभोवती तो सेकंदाला १६.७ कि.मी.वर आणला की आतलं काही बाहेर पडत नाही, मग बाहेरच्यांना आपली भीती उरत नाही.

ए-५०१ : साबणाऐवजी कापूर लावा भाऊ. तो उडून जातो, म्हणून होडी बराच वेळ फिरते.

सी-४०२ : कल्पनांबद्दल वाद नाहीच. पण गुरू ग्रहाच्या आडोशाच्या बंकर शहरांवर एवढी पानं घातली आणि एटीएम कार्डापेक्षा जराशा मोठ्या पट्टीने सगळी सूर्यमाला चित्रासारखी सपाट, द्विमितीय केली.

बी-१०१ : झालं. सांगितलात शेवट. धन्यवाद.

डी-२०४ : ताई, त्यापुढेही बरंच आहे. काका, बंकर सूर्य फुटला तर वाचायला होते. हल्ला दुसऱ्याच जातीचा आला. यात लेखकाचं काय चुकलं?

ए-३०३ : परत लिहितो, चेंग शिनला लोकांनी निवडलं होतं.

ए-५०१ : मला खटकला तो योगायोग. युन तियानमिंग आणि चेंग शिन भेटणार, तेवढ्यात प्रकाशाचा वेग घसरतो आणि बाहेर १ कोटी ८० लाखांहून जास्त वर्षं निघून जातात. तीन भाग वाचून हाती हे? वर, नव्याने सुरू व्हायला विश्वाला सगळं वस्तुमान परत हवंय आणि चेंग शिनबाई ५ किलोचा जीवगोल, म्हणजे छोट्या जीवसृष्टीचा बंद गोळा, मागे ठेवतात.

डी-२०४ : तो ५ किलोचा गोल मला पटतो वहिनी. तिचा स्वभाव तोच आहे, शेवटपर्यंत बदलत नाही. आणि याच भागाला २०१७ चा लोकस हा विज्ञान-कादंबरीचा पुरस्कार मिळाला.

सी-४०२ : पुरस्काराने कथानक सावरत नाही सर.

सेक्रेटरी : बी विंगच्या दोन स्कूटर अजून खालीच आहेत.

ए-३०३ : लोकांनी निवडलं होतं तिला. उत्तर कोणी देत नाही.

सी-४०२ : देतो. बटणासाठी निवडलं, मान्य. पण वेडच्या माणसांना शस्त्रं खाली ठेवायला लावायचं ठरलं तेव्हा तिला कोणी निवडलेलं नव्हतं. तो निर्णय तिचा एकटीचा, आणि यानं तिथेच थांबली. त्या निर्णयाची झळ लेखक तिला पुरेशी लागू देत नाही, राग त्याचा आहे.