कयाक कोणती घ्यावी? – सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. आम्ही कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान अरुंद होडी, घेण्याच्या विचारात आहोत. वापरणार आम्ही दोघे आणि दहा वर्षांची मुलगी. सुट्टीत पवना जलाशयावर आणि दिवाळीनंतर सासरी, देवबागला, कर्लीच्या खाडीत. टणक प्लास्टिकची घ्यावी, हवा भरण्याची घ्यावी की कनू (वरून उघडी, वल्ह्याची होडी), याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-१०१ : वहिनी, कंपनी आणि रंग नंतर पाहू, आधी होडी घरापासून पाण्यापर्यंत कोण नेणार, ते ठरवा. दोघांसाठीची पॉलिथिलीनची, म्हणजे टणक प्लास्टिकची, कयाक साधारण साडेतीन ते चार मीटर लांब आणि तीस-पस्तीस किलो वजनाची असते. ती आपल्या लिफ्टमध्ये मावणार नाही आणि जिन्याच्या वळणावर हमखास अडेल. कनूत सामान भरपूर मावते, पण तिचे काठ उंच असल्याने वारा तिला लगेच धरतो. संथ नदीवर ती उत्तम, खाडीत लहान मुलीला घेऊन मी तरी नेणार नाही.

मुलगी बरोबर असल्यामुळे ‘वर बसायची’ कयाकच पाहा, म्हणजे जिच्या पोकळीत न शिरता वरच्या उघड्या भागावर बसतात ती. तिच्या तळाला आरपार छिद्रे असतात, आलेले पाणी त्यांतून निघून जाते आणि ती उलटली तरी सरळ करून पुन्हा वर चढता येते. ‘आत बसायची’ उलटली की तिच्यात पाणी भरते आणि ते उपसेपर्यंत पुढे जाता येत नाही.

सी-६०३ : चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हवेचीच घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र तळ नीट तपासा. चांगल्या तळात वरचा आणि खालचा थर असंख्य धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे हवा दाबून भरली की तो फळीसारखा ताठ होतो. साध्या गादीसारखा फुगणारा तळ दोघांच्या वजनाने मधोमध वाकतो आणि वल्हवणाऱ्याची दमछाक होते.

ए-१०१ : पवन्यासाठी मान्य आहे काका, पण खाडीत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवे (शिंपल्यांचा प्रकार) असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, हवेची होडी त्यांनी फाटू शकते.

सचिव : पार्किंगमध्ये होडी ठेवण्यास परवानगी देता येणार नाही, कृपया नोंद घ्यावी.

बी-४०२ : देवबागच्या घराला पडवी आहे. होडी तिथेच ठेवली तर?

ए-१०१ : मग प्रश्नच मिटला, टणक घ्या. पवन्याला जाल तेव्हा भाड्याची पाहा. फक्त भारक्षमतेचा आकडा नीट वाचा : तुम्हा तिघांचे वजन सुमारे १६० किलो आणि सामान १५ किलो धरले, तर १८० किलो क्षमतेची होडी पाण्यात खोल बसेल आणि जड चालेल, २५० च्या आसपासची घ्या. पडवीत उन्हाची तिरीप येत असेल तर ताडपत्री घाला, कारण उन्हाने हे प्लास्टिक ठिसूळ होते. तिघांनाही आपापल्या मापाची जीवरक्षक जाकिटे हवीत. मुलीला मोठ्यांचे जाकीट दिले तर ते पाण्यात डोक्यावरून निसटते.

सी-६०३ : आणि ओहोटी लागली असताना खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर तिथले पाणी होडीला थेट समुद्राकडे ओढते.

बी-४०२ : आभारी आहे. सासऱ्यांना पडवीचे माप घ्यायला सांगते.