मदत हवी आहे: टीबी म्हणून गोळ्या दिल्या, निघाला कॅन्सर. डॉक्टरवर केस कुठे करायची?

मोरपंख
बाबांना टीबीच्या गोळ्या चालू होत्या. सहा महिन्यांचा कोर्स संपला, तरी डॉक्टरांनी वाढवून दिल्या. टीबी नव्हताच. फुप्फुसाचा कॅन्सर होता, आता हाडांत गेलाय. केस कुठे करायची, किती वेळ लागतो, वकील लागतोच का? ज्यांनी हे केलंय त्यांनी लवकर सांगा. 'डॉक्टर पण माणूसच असतो' हे कृपया लिहू नका, घरात रोज ऐकतेय.

कोयनाकाठ
फार वाईट वाटलं वाचून. पण एवढ्यावरून काय सांगणार? दवाखाना सरकारी की खाजगी? कॅन्सर कधी कळला? कागद काय काय आहेत? थुंकी तपासली होती का?

धडाडी
सरळ पोलीस स्टेशनला जा. गुन्हा दाखल झाला की डॉक्टर आपोआप बोलायला येतो. आमच्या मेव्हण्यांनी तेच केलं होतं.

काळाकोट
धडाडी, कृपया असे सल्ले नकोत. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, फार मोठी बेपर्वाई दाखवावी लागते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलंय. शिवाय पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यायचं. नव्या न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं, हे मृत्यू झाला असेल तरच लागतं. इथे पेशंट हयात आहे. हयात आहेत ना, मोरपंख?

मोरपंख
हयात आहेत. खाजगी दवाखाना, कोल्हापूर. कागद आहेत सगळे. मी विचारलं काय आणि चाललंय काय.

स्टेथोस्कोप
मी स्वतः छातीविकाराचा डॉक्टर आहे, त्यामुळे रागावू नका. निदान चुकणं आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे टीबी इतका आहे की एक्स-रेवर डाग, खोकला, वजन कमी, ताप दिसला की आधी टीबीच मनात येतो. कॅन्सर आणि टीबी फिल्मवर हुबेहूब दिसू शकतात. प्रश्न एवढाच की खात्री करायला काय केलं. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) झाली का? सिटी स्कॅन झाला का? दोन महिन्यांनी फरक नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी काय केलं?

मोरपंख
थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह. सिटी झाला होता सुरुवातीलाच. त्यात खाली लिहिलंय की गाठ नाकारता येत नाही, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) करून खात्री करावी. डॉक्टर म्हणाले काही गरज नाही. मधे एकदा छातीत पाणी झालं म्हणून ॲडमिट करून पाणी काढलं, मग परत त्याच गोळ्या.

स्टेथोस्कोप
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! रेडिओलॉजिस्टने बायोप्सी लिहिली, थुंकी निगेटिव्ह, गोळ्यांनी फरक नाही आणि तरीही बायोप्सी नाही. मग माझं वरचं म्हणणं इथे लागू होत नाही. पाणी काढलं ते सायटॉलॉजीला, म्हणजे त्यातल्या पेशी तपासायला, पाठवलं होतं का? ते पाठवलंच नसेल तर मीही त्याला निष्काळजीपणाच म्हणेन.

मोरपंख
माहीत नाही. तो रिपोर्ट आमच्याकडे नाही.

काळाकोट
म्हणजे कागद 'सगळे' नाहीत. तुमच्याकडे बिलं, चिठ्ठ्या आणि सिटी असणार. ॲडमिट असतानाचे इनडोअर पेपर हवेत: केस शीट, नर्सिंग नोट, लॅबला काय पाठवलं ते. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात आणि ते पेपर तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. केसचं नाव पेपर हातात येईपर्यंत काढू नका.

सावली२१
ताई, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघितलंत का? कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, केमो पण बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. आमच्या काकूंचं झालं त्यात.

मोरपंख
उपचार चालू आहेत मुंबईला. मी केसचं विचारतेय.

नियमाधारी
ग्राहक न्यायालयात वर्षानुवर्षं जातात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. तिथे डॉक्टरच डॉक्टरला तपासतात, नोंदणी निलंबित होऊ शकते. असल्या माणसाला खरा धाक त्याचाच.

कोयनाकाठ
पण परिषद एक रुपया भरपाई देत नाही. त्यांना उपचाराचा खर्च उभा करायचाय.

नियमाधारी
पैसाच सगळं नसतो. उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबांना तेच होईल.

काळाकोट
दोन्ही करता येतं, भांडण कशाला. भरपाईची जागा जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे तेच ग्राहक न्यायालय. २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार राहतो तिथेही दाखल करता येते. कुठल्या आयोगात जायचं ते तुम्ही भरपाई किती मागता यावर ठरत नाही, दवाखान्याला किती पैसे दिले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही, पण अशा केसमध्ये घ्याच. मुदत दोन वर्षं. म्हणून तारीख विचारतोय सगळे. कॅन्सर कधी कळला?

मोरपंख
गेल्या वर्षी गौरी-गणपतीत.

काळाकोट
मग वेळ आहे, पण निवांत बसण्याइतका नाही. कॅन्सर कळला त्या तारखेपासून मोजायचे असं आपण म्हणू, दवाखान्याचा वकील आधीची तारीख धरायला बघेल. उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका.

धडाडी
तज्ज्ञ डॉक्टर आणल्याशिवाय केस उभी राहत नाही आणि कुठलाच डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही. म्हणून म्हणत होतो पोलीस.

काळाकोट
पोलिसांनाही डॉक्टरचंच मत लागतं, वर लिहिलंय. आणि २०१० चा किशनराव निकाल वाचा. हैदराबादकडची केस आहे. बाईंना मलेरिया होता, दवाखाना टायफॉइडचे उपचार करत राहिला, त्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, चूक कागदावर उघड दिसत असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो. इथे सिटीच्या रिपोर्टमधली ती एक ओळच मोठं काम करेल.

स्टेथोस्कोप
एक गोष्ट सगळे विसरताय. निदान चुकलं हे सिद्ध झालं तरी 'लवकर कळलं असतं तरी काय फरक पडला असता' हा प्रश्न येणारच. पहिल्या सिटीत गाठ केवढी होती, बाकी कुठे पसरलं होतं का आणि मुंबईला गेल्यावर कुठल्या स्टेजला होते, हे समोरासमोर मांडावं लागेल. मुंबईच्या डॉक्टरांकडून स्टेज लिहून घ्या. त्यांना 'आधीच्यांची चूक लिहून द्या' म्हणू नका, देणार नाहीत. स्टेज आणि तारीख एवढंच मागा. दुसरं, टीबीच्या प्रत्येक पेशंटची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर करणं खाजगी डॉक्टरांनाही सक्तीचं आहे. निदान कशावरून केलं, थुंकीत जंतू सापडले म्हणून की नुसत्या अंदाजाने, हेही त्यात असतं. बाबांच्या खात्यात पोषणाचे पैसे यायचे का?

मोरपंख
हो, यायचे. ते कशाचे हेच कळत नव्हतं आम्हाला.

स्टेथोस्कोप
ते निक्षय पोषण योजनेचे. म्हणजे नोंद आहे. शहराच्या क्षयरोग अधिकाऱ्याकडे जाऊन तिची प्रत मागा. दवाखान्याने उद्या केस पेपर हरवले म्हटलं तरी ही नोंद त्यांच्या हातात नाही.

पाऊलवाट
आमच्या आईचं खुब्याचं फ्रॅक्चर एक्स-रेवर दिसत असून सोडलं होतं. आयोगाने मध्यस्थीला पाठवलं, तिथे दवाखान्याने पैसे देऊन मिटवलं. मोठी रक्कम नव्हती, पण आईच्या हयातीत हातात आली. तुमच्या बाबांची तब्येत बघता मध्यस्थीला नाही म्हणू नका.

नियमाधारी
मिटवून टाकलं म्हणूनच हे सुधारत नाहीत.

पाऊलवाट
तुमची आई खाटेवर नव्हती.

संपादक
मोरपंख, खालच्या प्रतिसादातलं डॉक्टरांचं आणि दवाखान्याचं नाव काढलं आहे. केस दाखल व्हायच्या आधी नाव लिहिलंत तर तुमच्यावरच बदनामीचा दावा होऊ शकतो. बाकी तसंच ठेवलं आहे.

मोरपंख
ठीक आहे. आज भाऊ दवाखान्यात गेला होता. रिसेप्शनवरची बाई म्हणाली फाइल गोडाऊनला आहे, पेशंटला घेऊन या. बाबा मुंबईला, त्यांना उठून बसवत नाही. आता?

काळाकोट
पेशंट यायची गरज नाही. नियमात पेशंट किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती, दोन्ही चालतात. साध्या कागदावर अधिकारपत्र लिहा, बाबांची सही घ्या, सही जमत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. सोबत आधारची झेरॉक्स. आयोगातली तक्रारही बाबांच्याच नावाने होईल, तेव्हा वकीलपत्रावरची सही त्याच भेटीत घेऊन ठेवा.

मोरपंख
शनिवारी जातेय मुंबईला. अर्जाचा मसुदा कुणी देईल का?

कोयनाकाठ
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. ॲडमिट केल्याची तारीख आणि आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नोंदणी क्रमांक) तेवढा बिलावरून बघून भरा.