पत्र्यावरची १२ टक्के सेफगार्ड ड्युटी: आळा चीनला बसला की भोसरी-चाकणला?

पत्रावाला_भोसरी
३० डिसेंबर २०२५ ला अर्थ मंत्रालयाने फ्लॅट स्टीलवर (पत्रा आणि त्याची गुंडाळी म्हणजे कॉइल) तीन वर्षांची सेफगार्ड ड्युटी, म्हणजे आयात एकदम वाढली की काही काळ लावतात तो जादा कर, पक्की केली, पहिल्या वर्षी १२ टक्के, मग ११.५, मग ११. एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांची तात्पुरती १२ टक्के होतीच, तिथूनच ही तीन वर्षं मोजायची.

माझं म्हणणं एवढंच की चीन सरकार तिथल्या मिलना स्वस्त कर्ज देतं, जमीन देतं, आणि तो माल इथे पडत्या भावात येतो हे सगळे मान्य करतात ना, मग त्यावर कायद्यात नेमका उपाय आहे. डम्पिंग असेल, म्हणजे स्वतःच्या देशातल्यापेक्षा स्वस्तात माल इथे विकत असतील, तर अँटी-डम्पिंग ड्युटी, सरकारी सबसिडी असेल तर ती भरून काढणारी काउंटरव्हेलिंग ड्युटी. दोन्हीत डीजीटीआरला (वाणिज्य मंत्रालयाची ही चौकशी करणारी शाखा) एकेका देशाचा, एकेका कंपनीचा हिशोब काढावा लागतो. सेफगार्डमध्ये समोरचा लबाडी करतोय हे सिद्धच करावं लागत नाही, आयात अचानक वाढली आणि इथल्या उत्पादकांना मोठं नुकसान झालं एवढं पुरतं. मग चीनसोबत कोरिया आणि जपानचा मालही त्यात येतो, आणि चाकणच्या गाडीवाल्यांना लागणारे काही ग्रेड तर तिथूनच येतात.

आणि तयार वस्तूचं काय? पत्र्यावर ड्युटी आहे पण त्याच पत्र्यातून परदेशात दाबून तयार करून आणलेल्या ब्रॅकेटसारख्या पार्टवर ही ड्युटी नाही. म्हणजे कॉइल महाग आणि पार्ट स्वस्त, आमच्या प्रेस शॉपने काय करायचं?

डोलवीकर
दादा, २०१५-१६ विसरलात का? तेव्हाही चीनने वर्षाला ११ कोटी टनांच्या वर माल बाहेर ओतला होता, आपण सप्टेंबर २०१५ मध्ये २० टक्के सेफगार्ड लावली, ती पुरेना म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये १७३ प्रकारच्या मालावर किमान आयात किंमत ठरवली. तोवर उशीर झाला होता. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने जी पहिल्या १२ बुडीत खात्यांची यादी काढली त्यात एस्सार, भूषण स्टील, भूषण पॉवर, इलेक्ट्रोस्टील आणि मॉनेट, म्हणजे पाच स्टीलच्या. भूषणचा एक कारखाना आपल्या खोपोलीत होता. ते कर्ज सरकारी बँकांचं, म्हणजे तुमच्या-माझ्या ठेवींचं. मान्य की त्याला नुसती आयात कारण नव्हती, अवाच्या सवा कर्ज काढलेली पण होती, तरी भाव पडल्यावर ते कर्ज फिटणं शक्यच नव्हतं.

आता २०२४ मध्ये चीनची निर्यात परत ११ कोटी टनांच्या आसपास गेली, २०२४-२५ मध्ये आपली तयार स्टीलची आयात ९५ लाख टनांपर्यंत. अमेरिकेने जून २०२५ पासून ५० टक्के लावलेत, युरोपात २०१८ पासून कोटा आहे. तो माल जाणार कुठे? जिथे दार उघडं तिथेच. तुम्ही म्हणता तशी एकेका देशाची चौकशी करत बसलात तर चीनवर ड्युटी लागेपर्यंत तोच माल व्हिएतनाममध्ये रोल होऊन तिथला म्हणून येतो, अमेरिकेने २०१८ मध्ये हे पकडलं होतं.

पत्रावाला_भोसरी
@डोलवीकर व्हिएतनामचंच उदाहरण घ्या की. तिथल्या एचआर कॉइलवर (गरम रोल केलेला पत्रा) ऑगस्ट २०२४ मध्ये अँटी-डम्पिंग चौकशी सुरू झाली आणि वर्षभरात निकाल आला, टनाला १२१.५५ डॉलर. त्यातही एका उत्पादकाचा हिशोब तपासून त्याला शून्य लावलं. याला म्हणतात चौकशी! वर्ष लागलं, पण चुकीच्या माणसाला फटका बसला नाही.

कॉस्टिंग_सुलक्षणा
मी चाकणला वेंडरांचे, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांचे, रेट तपासते म्हणून आकड्यात बोलते. सेफगार्ड सरसकट लागत नाही, एचआर कॉइल टनाला ६७५ डॉलर किंवा जास्त भावाने येत असेल तर लागत नाही, प्रत्येक प्रकाराची अशी किंमत ठरलीय आणि स्टेनलेस तर पूर्ण वगळलंय. म्हणजे महागातले खास ग्रेड बरेचसे सुटतात. पण साध्या मालाचं बघा, समजा ५०० डॉलरला बंदरात उतरला तर १२ टक्के म्हणजे ६० डॉलर, किलोमागे साधारण पाच रुपये. प्रेस पार्टमध्ये खर्चाचा मोठा वाटा पत्र्याचाच असतो, आणि मोठी कंपनी रेट तिमाहीने बदलून देते, मधल्या तीन महिन्यांचा फरक वेंडर स्वतः सोसतो. इथली मिलही आयात मालाच्या भावाकडे बघूनच आपला भाव लावते, त्यामुळे आयात न करणाऱ्यालाही ते पाच रुपये कमी-जास्त लागतातच.

कळंबोली_मार्केट
ताई तसं सरळ होत नाही बाजारात. एप्रिलमध्ये ड्युटी लागली तेव्हा रेट चढले, पण वर्षअखेरीस परत खाली आले, कारण इथेच माल जास्त झाला होता. मिलवाले लुटतात असं म्हणणाऱ्यांनी मे २०२२ पण आठवावं, तेव्हा भाव वाढले म्हणून सरकारने मिलच्या निर्यातीवर १५ टक्के ड्युटी लावली होती, नोव्हेंबरमध्ये काढली. तेव्हा फायदा कोणाचा झाला, वापरणाऱ्यांचाच ना.

भाईंदर_स्टील
आमच्याकडे स्टेनलेसची भांडी बनतात, आम्ही हे सगळं आधीच बघितलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनच्या स्टेनलेस पत्र्यावर १८.९५ टक्के काउंटरव्हेलिंग लागली, सबसिडी सिद्ध करून लागली. २०२१ च्या बजेटमध्ये थांबवली, २०२२ ला रद्दच केली, कारण काय तर छोट्या युनिटला पत्रा महाग पडतो. म्हणजे पत्रावाला साहेब, तुमची ती नेमकी चौकशी झाली तरी महागाई टळत नाही. आणि रद्द केल्यावर मिलवाले ओरडत राहिले की वर्षानुवर्षं पुरावे जमवले ते कशाला. दोन्हीकडून धोरण रोज बदलतं हाच त्रास मोठा आहे, आम्ही सहा महिन्यांच्या ऑर्डरी घेतो.

डोलवीकर
@भाईंदर_स्टील म्हणून तर तीन वर्षं आणि दर आधीच लिहून दिलाय, निदान कोटेशन काढताना माहीत असेल.

कॉस्टिंग_सुलक्षणा
निर्यात करणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन नावाच्या परवान्यावर ड्युटीशिवाय कॉइल आणता येते. पण आमचे वेंडर २५-३० टन घेणारे, ते कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून उचलतात आणि पार्ट दुसऱ्याच्या नावाने निर्यात होतो, त्यांना ती सवलत कोण देणार?

पत्रावाला_भोसरी
ताईंनी नेमकं दुखणं सांगितलं. मिलच्या बाजूने असोसिएशन, वकील, कॉस्ट अकाउंटंट, हजारो पानांचा अर्ज. आपल्या बाजूने कोण? डीजीटीआर वापरणाऱ्यांकडूनही प्रश्नावली भरून मागते, तो इंग्रजी फॉर्म भोसरीतल्या किती जणांनी उघडला असेल? मी चीनच्या मालाचा वकील नाही, मिल टिकायला हवी हे मलाही कळतं, पण ड्युटी पत्र्यावर लावायची तर त्या पत्र्याच्या पार्टवरही विचार करा आणि छोट्याला ड्युटीशिवाय माल मिळेल अशी वाट काढा, हे लेखी गेलंच पाहिजे. चाकण, वाळूज, अंबड इथले कोणी असतील तर एप्रिल २०२५ च्या आधीची आणि नंतरची कॉइलची बिलं काढून ठेवा, एकेकट्याने नको, असोसिएशनमार्फत एकच उत्तर भरू. सुलक्षणाताई, तिमाही रेटचा तो तक्ता तुम्ही करून द्याल का?