१४व्या शतकातला बूट शिवायचाय. पट्टे-पाकिटांच्या पुढे कसं जाऊ?

टाकेदुखी:
नमस्कार मंडळी. पट्टे, पाकिटं, चाकूची म्यानं एवढं आता बरं जमतं. दोन सुया घेऊन सॅडल स्टिच घालायला हात बसलाय. लंडनला उत्खननात सापडलेल्या १४व्या शतकातल्या बुटांची रेखाटनं पाहिली आणि डोक्यात किडा शिरला: घोट्यापर्यंतचा, आतल्या बाजूला नाडी बांधायचा, बिनटाचेचा बूट. कळलं ते एवढंच, की तो उलटा शिवतात आणि मग सुलटा करतात.

अडलंय ते असं. तळाच्या कातड्यात भोक खालपर्यंत आरपार न पाडता कडेतून बाहेर काढायचं म्हणतात. भोक वाकडं, सुई सरळ. मग ती जाणार कशी? जुन्या जॅकेटचं मऊ कातडं पडून आहे, ते वरच्या भागाला चालेल का? आणि लास्ट, म्हणजे बूट ज्यावर बेततात तो पावलाच्या आकाराचा ठोकळा, लागतोच का? फक्त पायावर बेतून नाही होणार?

आरपार:
जॅकेटचं कातडं विसरा. ते बहुधा क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असणार. ती पद्धत १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे इतिहासाच्या दृष्टीनेही चुकीची. पण खरी अडचण वेगळीच आहे. ते पातळ असतं, ताणतं आणि ओलं करून दिलेला आकार धरून ठेवत नाही. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेज-टॅन घ्या. वरच्या भागाला दीड ते दोन मिलिमीटर, तळाला साडेतीन-चार. विकणाऱ्याने जाडी औंसात सांगितली तर एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर धरा. तळ पाठीच्या भागातून कापा. पोटाकडचं कातडं सैल असतं, तळाला घेतलंत तर बूट पसरत जाईल.

मेणदोरा:
सुई जात नाही कारण तिथे सुई वापरायचीच नसते. जुने कारागीर दोऱ्याच्या टोकाला रानडुकराचा राठ केस गुंफायचे. केस वाकतो, आरीने पाडलेल्या वळणदार भोकातून वाट काढतो आणि पलीकडे डोकं काढतो. केस मिळत नसेल तर मासेमारीची नायलॉनची जाड तार दुमडून तिच्यात दोरा अडकवा, काम भागतं. मी तीच वापरते, आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू देते.

दोरा लिननचा, बारीक पदर एकत्र पिळून केलेला. पदरांची टोकं कात्रीने कापू नका. पीळ सोडून ओढून तोडा आणि प्रत्येक पदर थोडा मागेपुढे ठेवा, म्हणजे टोक निमुळतं होतं. मग मधमाशीचं मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून दोरा ओढायचा. नुसतं मेण गुळगुळीत असतं, राळेमुळे टाका जागच्या जागी धरून राहतो.

आता तळाचा टाका. माझ्या मते या बुटातलं नव्वद टक्के कौशल्य इथेच आहे. आरी वक्र हवी. मांसाकडच्या, म्हणजे कातड्याच्या आतल्या खरबरीत बाजूने, कडेपासून थोडं आत टोचायचं आणि जाडीच्या मध्यावर, कडेतून बाहेर काढायचं. दाणेदार बाजू, म्हणजे कातड्याची केसांकडची, जी जमिनीला टेकणार ती, अखंड राहिली पाहिजे. दोरा जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही. सगळी खटपट त्यासाठीच. तळ आधी भिजवा, मग फडक्यात गुंडाळून ठेवा. रंग जवळपास मूळचा झाला, पण हाताला अजून गार लागतंय, अशा वेळी टोचा. कोरड्यात आरी अडते आणि सपसपीत ओल्यात भोक फाटतं. बूट राहू द्या, आधी टाकाऊ तुकड्याच्या कडेने नुसती भोकं पाडत बसा. पाच-सहा मिलिमीटरचं अंतर ठेवा. भोकांची ओळ कडेच्या बरोबर मध्यातून सरळ धावायला लागली की बुटाला हात घाला.

तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये कातड्याची एक अरुंद पट्टी, रँड, घालायला विसरू नका. टाका तीन थरांतून जातो आणि सुलटा केल्यावर ती पट्टी सांध्यात दाबून बसते.

जुनाट_जोडा:
मेणदोरा, सगळं मान्य, पण पहिल्याच बुटाला हे? मी तर एकाच तुकड्याच्या पादत्राणापासून सुरुवात करा म्हणेन. आर्मेनियातल्या अरेनी-१ गुहेत २००८ मध्ये सापडलेला बूट बघा: साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, गाईच्या कातड्याचा एकच तुकडा, पुढेमागे चामड्याच्या वादीने आवळलेला. वेगळा तळ नाही, लास्टची गरज नाही. सपाट कातडं पायाभोवती कसं वळतं, सुरकुत्या कुठे गोळा होतात, हे त्यात आपोआप कळतं.

आणि एक सुचवतो. मध्ययुगीन बुटांच्या फोटोंत टाके शोधू नका, भोकं बघा. पाणथळ मातीत कातडं टिकतं, लिननचा दोरा कुजून जातो. म्हणून बहुतेक ठिकाणी उरतात ती रिकामी भोकं. ती आरपार आहेत की कडेतून निघालीत, एवढ्यावरून शिवण ओळखता येते. टाचेच्या आत त्रिकोणी आधार लावलेला असे, तोही बऱ्याचदा सुटून गेलेला असतो, पण त्याच्या टाक्यांच्या खुणा दिसतात.

मेणदोरा:
एक तुकडा करायला हरकत नाही, संध्याकाळ मजेत जाईल. पण त्यातून कडेचा टाका येत नाही आणि टाकेदुखी अडलेत ते नेमके तिथेच. वेल्ट, म्हणजे वरच्या भागाला शिवून तिच्यावर तळ जोडायची पट्टी, लावलेल्या बुटाकडे मात्र आत्ताच वळू नका. ते १५०० च्या सुमाराचं प्रकरण, पुढचं शिक्षण.

टाकेदुखी:
केसाचं वाचून हायसं वाटलं, मी सुया वाकवत बसलो होतो. लास्टचं राहिलं. आणि उलटताना कातडं फाटत नाही का?

मेणदोरा:
लास्ट घ्या. लाकडी नसला तर प्लॅस्टिकचा जुना चालेल, पण टाच फार उंच नको. नुसत्या पायावर बेतलेला बूट शिवता येतो, फक्त दोन्ही सारखे होत नाहीत.

इथे एक गंमत आहे, कापायच्या आधीच समजून घ्या. उजव्या हाताचा हातमोजा उलटा केला की डाव्या हातात बसतो, तसंच हे आहे. डावा बूट शिवायचा तो उजव्या लास्टवर. तळाची दाणेदार बाजू लास्टकडे, मांसाची बाजू तुमच्याकडे. वरचा भागही तसाच, आतली बाजू बाहेर. सुलटा केल्यावर डाव्या लास्टवर चढवायचा. नाडी आतल्या बाजूला यायला हवी, म्हणून तुकड्यांवर पेन्सिलीने ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहून ठेवा.

तळ लास्टवर ठोकायला पितळी चुका वापरा. ओल्या व्हेज-टॅनला लोखंड लागलं की टॅनिनशी मिळून काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. काळा रंग मुद्दाम द्यायचा असला तर हीच क्रिया व्हिनेगरमध्ये लोखंड भिजवून करतात.

फाटत नाही, तळ चार मिलिमीटरच्या वर नसला तर. जाड तळ उलटतच नाही. बूट पाण्यात चांगला मऊ होऊ द्या. मी टाचेकडून सुरू करते आणि चवडा शेवटी, गोल टोकाच्या लाकडी दांड्याने आतून ढकलते. जोर लागतो, टाके करकरतात, घाबरू नका. मग सांधा आतून हाडाच्या पट्टीने दाबून घ्या, लास्ट बदला आणि सावलीत सुकू द्या. हीटरजवळ ठेवलात तर कातडं आक्रसून कडक होईल. पुरता सुकला की लास्ट काढून हलकं तेल द्या, आधी नको.

जुनाट_जोडा:
आणि घातल्यावर घरात चाला आधी. टाच नाही, तळ पातळ, त्यामुळे पाऊल टाकायची सवयच बदलावी लागते. गुळगुळीत फरशीवर घसरतो तो.