गिऱ्हाइकांना अपडेटची बातमी द्यायची तर कशी द्यायची?

चोपडेकर:
मंडळी, माझं चोपड्याला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, विक्री कमी अन् सर्विसच जास्त. कृषी केंद्रवाले, मेडिकलवाले, झेरॉक्सवाले, एकदोन पतसंस्था असं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी मी व्हॉट्सॲपवर मराठीतून टेक्नॉलॉजीच्या बातम्या टाकत असतो. नवीन फोन आला, एआयचं काही आलं की धडाधड अंगठे येतात, पण अपडेट करून घ्या म्हटलं की कोणी ढुंकून बघत नाही. परवा एका कृषी केंद्रात गेलो तर मालकाच्या क्रोमला वर कोपऱ्यात अपडेटचं बटन लाल होऊन बसलेलं, अन् तो भला माणूस शेजारीच बसून माझीच क्रोमवाली पोस्ट मोबाईलवर वाचून राहिला होता. मला म्हणतो, चांगलं लिहिता हो.

तर विचारायचं असं, पोस्टी कमी करू का अजून वाढवू? का थोडं घाबरवल्याशिवाय लोकं हलतच नाहीत? आणि विंडोज 10 वाल्यांना काय सांगू, सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला तरी माझ्याकडे रोज त्याच मशीन येतात.

धुळ्याचा_पुण्यात:
भाऊ, बातमी आणि निरोप तुम्ही एकाच पिशवीत भरून राहिले. नवीन फोनची बातमी नाही वाचली तर कोणाचं काही अडत नाही, अपडेटचा निरोप हुकला तर अडतं. दोन्ही एकाच ठिकाणी आले की लोकं दोन्ही सारखेच वाचतात, चहा पिता पिता. निरोपासाठी वेगळी ब्रॉडकास्ट लिस्ट करा (नंबर सेव्ह असलेल्यालाच मेसेज जातो, पण तुमचा नंबर कोणाकडे नसेल?) आणि तिथं काम असेल तेव्हाच बोला.

"गंभीर त्रुटी आढळली, त्वरित अपडेट करा" हे वाक्य आजपासून बंद. प्रोग्रामचं नाव लिहा, कुठल्या नंबरच्या आतलं व्हर्जन असेल तर धोका ते लिहा, आणि कोणाकोणाला काहीच करायची गरज नाही हेही लिहा. हे शेवटचं कोणी लिहीत नाही, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याच्याकडे ते सॉफ्टवेअरच नाही त्याची पहिल्या ओळीत सुटका झाली तर पुढच्या वेळी तो तुमचं वाचेल तरी.

आता विनरारच घ्या, झिप-आरएआर अशा बांधलेल्या फाईली उघडायचा प्रोग्राम. त्याला आपोआप अपडेट व्हायची सोयच नाही. ऑगस्ट 2023 मध्ये 6.23 आलं, कारण त्याच्या आधीच्यात झिप उघडून आतल्या साध्या फोटोवर क्लिक केलं तरी मागून भलताच प्रोग्राम चालू करता यायचा. मग 2025 च्या जुलैअखेर 7.13 आलं, तेव्हा दुखणं वेगळं होतं, फाईल काढताना तुम्ही सांगितलेला फोल्डर सोडून ती गुपचूप स्टार्टअपमध्ये जाऊन बसू शकत होती, म्हणजे पुढच्या वेळी लॉगिन केलं की चालू. ज्याला तुम्ही 2019 ला विनरार इन्स्टॉल करून दिलंय तो अजून त्याच व्हर्जनवर आहे, त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तसल्याच कामाच्या 7-झिपचंही तेच, आपोआप होत नाही. क्रोम स्वतःहून अपडेट उतरवतं, फक्त बंद करून उघडावं लागतं, अन् आपली लोकं आठ आठ दिवस क्रोम बंद करत नाहीत म्हणून ते लाल बटन. म्हणून जे आपोआप होत नाही त्याची यादी करा, तुमची खरी गरज तिथं आहे.

घाबरवण्याचं म्हणाल तर फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय मे 2017 ला आलं आणि त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता, पण हे ऐकवून दुकानदार हलेल असं मला नाही वाटत. उलट एखादा तुम्हालाच ऐकवेल की 19 जुलै 2024 ला अपडेटनंच तर जगभरातले 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले, विमानं अडकली. त्याला सांगायचं, ते क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं, मोठ्या कंपन्यांत चालतं, तुझ्या मेडिकलात ते नाही.

केळीवाला_सावदा:
मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो भो. सकाळी माल भरून गाडी उभी आहे, ड्रायव्हर बिलासाठी डोक्यावर उभा, अन् स्क्रीनवर निळं चक्र फिरून राहिलं, 35 टक्के झालं, कॉम्प्युटर बंद करू नका. त्यातच लाईट जाते. आता अशा माणसानं अपडेटला शिव्या नाही द्यायच्या तर काय ओवाळायचं का. आमच्या पोरानं वैतागून कुठलातरी व्हिडिओ बघितला अन् अपडेटची सर्विसच बंद करून ठेवली, तेव्हापासून घरात शांतता आहे. तुम्ही काय करा ते रोज सांगता, कधी करा ते सांगतच नाही.

धुळ्याचा_पुण्यात:
नाना, मुद्दा पटला. चोपडेकर भाऊ, हे नीट ध्यानात घ्या. विंडोजचं मुख्य अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. दुसरा मंगळवार म्हणजे 8 ते 14 मधली कुठलीतरी तारीख, आणि दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 ची शेवटची तारीख 11. म्हणजे ज्या दिवशी सीएकडचा माणूस पाणी प्यायला उठत नाही नेमकं तेव्हाच मशीन रिस्टार्ट मागतं. सेटिंगमध्ये ॲक्टिव्ह अवर्स (कामाचे तास, त्यात मशीन स्वतःहून रिस्टार्ट होत नाही) लावून द्या, आणि काही दिवस पॉझ करायचं बटन असतं ते दाखवून द्या, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. सर्विस मारून टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. निरोप 11 तारीख आणि तो मंगळवार दोन्ही उलटल्यावर दोनचार दिवसांनी धाडा, तोवर अपडेटनं कुठं घोळ घातला असेल तर तेही कळतं. ब्राऊझरचं काही तातडीचं असेल तर मात्र थांबू नका, त्याला दोन मिनिटं लागतात.

नाना, पोराकडून ती सर्विस चालू करून घ्या राव.

शिरपूरची_मॅडम:
मी इथं एमएस-सीआयटीचे क्लास घेते. सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कोणीच नाही बोललं. तुम्ही निरोपात डाऊनलोडची लिंक टाकता का? टाकत असाल तर कृपा करून बंद करा. सध्या गावोगाव व्हॉट्सॲपवर आरटीओ चलानच्या नावानं, पीएम किसानच्या नावानं एपीके (मोबाईलमध्ये ॲप टाकायच्या) फाईली फिरतात, दाबलं की मोबाईल गेला, मेसेज अन् ओटीपी सगळं त्यांच्याकडे. वेबसाईटवरही "तुमचं क्रोम जुनं झालंय" असं खोटं खिडकं उघडतं. आपणच लोकांना सवय लावली की ओळखीच्या माणसाकडून निळी लिंक आली म्हणजे दाबायची, तर उद्या तुमचा नंबर हॅक होऊन त्यावरून लिंक गेली की सगळं चोपडा ती दाबेल.

लिंकऐवजी रस्ता सांगा. क्रोममध्ये वरचे तीन टिंब, हेल्प, अबाउट गुगल क्रोम, तिथं ते स्वतःच तपासतं, रीलाँच दिसलं की दाबायचं, एवढंच. माझ्याकडे साठीच्या पुढच्या बाया शिकतात, त्यांना हा रस्ता पाठ होतो. अपडेट कधीही मेसेजमधून येत नाही, ते प्रोग्रामच्या आतूनच नाहीतर कंपनीच्या साईटवरून येतं, हे वाक्य मी फळ्यावरून पुसतच नाही.

विंडोज 10 वाल्यांसाठी, घरगुती मशीनला एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. विंडोज 10 चं शेवटचं व्हर्जन 22एच2 असलं पाहिजे, मग विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. विंडोज 11 टाकायचं तर टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि बरा प्रोसेसर लागतो, जुन्या डबड्यांवर जबरदस्ती करू नका.

चोपडेकर:
ताई, लिंक टाकतच होतो, आजपासून बंद. आता नमुना बघा, आज रात्री हा धाडतोय:

"विनरार नसेल तर हा मेसेज सोडून द्या. असेल तर उघडा, वर हेल्प, अबाउट. 7.13 च्या खालचा नंबर दिसला तर कोणी पाठवलेली झिप किंवा आरएआर फाईल उघडू नका. दुकान बंद करायच्या वेळी मला फोन करा, मी येऊन टाकून देतो. लिंक मी पाठवणार नाही, माझ्या नावानं आली तरी दाबू नका."

धुळ्याचा_पुण्यात:
झकास. आता ह्याच्या खाली नवीन फोनची बातमी चिकटवू नका म्हणजे झालं.

केळीवाला_सावदा:
भो, विनरार म्हणजे ते चाळीस दिवस संपले, पैसे भरा, असं रोज म्हणतं अन् तरी चालूच राहतं तेच का? मग आहे आमच्याकडे. अबाउटमध्ये 5.40 दाखवून राहिलं.

चोपडेकर:
तेच ते नाना. हात लावू नका, उद्या संध्याकाळी सावद्याला येतो.